इमारत उभी राहीपर्यंतची शाळा

मीरा महादेवन (१९३०–१९७७) यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पहिले फिरते पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये ती मुंबईत आणि १९८१ मध्ये पुण्यात आली. पोटासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिकवण्याचे प्रयत्न देशात अनेकांनी केले. त्यांत हा प्रयत्न उठून दिसतो, कारण त्याने शाळेची सुरुवात तान्ह्या मुलापासून केली. मजुराची आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा तिच्या कडेवरच बसलेले असते. ते मूल उतरवून घेणारे कोणी असेल तरच तिच्या हातात पाटी येते. महादेवन यांच्या कामाचे सगळे सार या व्यवहारात आहे.

त्यांचे माहेरचे नाव मिरियम जेकब मेंद्रेकर. जन्म कराचीचा, कुटुंब बेने इस्रायली. कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा यहुदी समाज घरात मराठी बोलत आला आणि गावाच्या नावावरून आडनाव लावत आला. इंग्रजी अमदानीत पलटणी, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांमागे ही कुटुंबे कोकणातून मुंबईला, पुण्याला, अहमदाबादला आणि थेट सिंधपर्यंत गेली. कराचीतले ‘मागेन शालोम’ हे सभास्थान १८९३ मध्ये सॉलोमन डेव्हिड या बेने इस्रायली गृहस्थाने बांधले. त्याच शहरात नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा एकोणिसाव्या शतकापासून चालत होती. कराचीतला मराठी माणूस त्यामुळे अगदीच उपरा नव्हता, पण बाहेरून आलेला होता एवढे खरे.

फाळणीनंतर कराचीतला बेने इस्रायली समाज झपाट्याने विरळ झाला. इकडे भारतातही १९४८ नंतर इस्रायलला जाणाऱ्यांची रीघ लागली. जावे की राहावे, हा पेच घराघरांत होता. मीरा महादेवन यांनी १९६१ मध्ये हिंदीत लिहिलेली ‘अपना घर’ ही कादंबरी याच पेचात सापडलेल्या कुटुंबाची आहे. तिचे इंग्रजी रूप १९७५ मध्ये ‘शुलामिथ’ या नावाने आले. कादंबरीच्या नावापासून पाळणाघरापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह कोणालाही व्हावा. तो आवरलेला बरा. लेखिका म्हणून त्यांनी हाताळलेला प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबाचा होता. बांधकामावर दिसलेला प्रश्न निराळा होता आणि तो आकलनापेक्षा कृतीची मागणी करणारा होता.

दिल्लीत १९६० नंतर सरकारी वसाहती, मंत्रालये, वाचनालये, हॉटेले यांची कामे जोरात होती. ती उभारणारे मजूर राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार या भागांतल्या कोरडवाहू खेड्यांतून येत. गावात जाऊन मुकादम जोडपे ठरवी, उचल देई आणि कामावर आणून सोडी. गवंडी, सुतार, सळई बांधणारे पुरुष असत. बिगारीत बायका मोठ्या प्रमाणात. विटा, रेती, खडी आणि कालवलेला माल घमेल्यात भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून, फळ्यांच्या उतारावरून वरच्या मजल्यावर नेणे हे त्यांचे काम. मजुरी नवऱ्याच्या हातात पडे आणि हजेरीपटावर बायकोचे नाव असेलच असे नसे. राहायला कामाच्याच आवारात पत्र्याची नाहीतर गोणपाटाची खोपटी. सासू, नणंद, शेजारीण असे मूल सांभाळणारे नेहमीचे माणूस गावीच राहिलेले. तेव्हा मूल आईच्या मागोमाग कामावर येई. तान्हे असेल तर दोन खांबांमध्ये साडीची झोळी बांधून त्यात; रांगते असेल तर विटांच्या ढिगाशेजारी; आणि त्यावर लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची बहीण.

मुंबईला हे चित्र नवे नव्हते. गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफूची ‘बाळगोळी’ देतात, हे १९२० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी आणि सरकारी पाहण्यांनी नोंदवून ठेवले होते. त्या काळातल्या चळवळीतून १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. १९३४ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला आणि १९४८ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. १९५१ च्या कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांना हाच नियम लावला. कारखान्याला भिंती असतात, मळ्याला हद्द असते, दोन्हीकडे मालक एकच असतो. बांधकामाचे तसे नाही. मूळ मालक, ठेकेदार, पोटठेकेदार आणि मुकादम अशी उतरंड असते. काम दोन-तीन वर्षांत संपते आणि जागा मोकळी होते. ज्या उद्योगात बायका मोठ्या संख्येने उघड्यावर राबत होत्या, तोच उद्योग पाळणाघराच्या कायद्यातून बराच काळ निसटत राहिला, याचे कारण हे.

१९६९ हे महात्मा गांधींचे जन्मशताब्दी वर्ष. त्यानिमित्त दिल्लीत राजघाटाजवळ ‘गांधी दर्शन’ या प्रदर्शनाची दालने बांधली जात होती. तिथे मीरा महादेवन यांना धुळीत, विटामातीच्या ढिगाऱ्यात टाकलेले तान्हे मूल दिसले. गांधींच्या नावाने चाललेल्या कामावरच हे चित्र असावे, ही गोष्ट त्यांना लागली. त्यांनी आवारात एक तंबू मिळवला आणि मुलांना त्यात आणून बसवले. हेच पहिले पाळणाघर. संस्थेच्या जन्माची ही हकिकत तेव्हापासून पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि सांगता सांगता ती थोडी करुण कथेसारखी झाली आहे. खरे महत्त्व तंबूनंतर काय घडले याला आहे. दया येऊन तंबू ठोकणारे पुष्कळ असतात. प्रदर्शन संपून तंबू निघाल्यावर मजुरांच्या मागे पुढच्या कामावर जाणारे थोडे. महादेवन, त्यांच्या सहकारी देविका सिंग आणि इतर काही जणी त्या कामावर गेल्या.

तिथे गेल्यावर लवकरच एक गोष्ट स्पष्ट झाली. नुसते तान्ह्या मुलांचे पाळणाघर काढून भागत नव्हते. बाळाला घेऊन आलेली बहीण दारातच घुटमळत राही. तिच्यामागून चार वर्षांचा भाऊ येई. मग एकाच छताखाली तीन गट झाले: तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे पाळणाघर, तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग. बाळ पाळण्यात गेले की बहीण वर्गात बसे आणि अधूनमधून उठून बाळाकडे पाहून येई. शिक्षणतज्ज्ञांच्या आराखड्यात हे तीन वेगळे विभाग असतात, त्यांची खातीही वेगळी असतात. कामावर ते एकाच कुटुंबातून हातात हात धरून येत होते.

या रचनेचा एक पूर्वज महाराष्ट्रात होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडीची कल्पना निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. कोसबाडच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती, कारण तिथेही मोठ्या बहिणीच्या कडेवरचे मूल हीच अडचण होती. फरक एवढाच की वारली पाडा जागेवर राही. दिल्लीच्या बांधकामावरची वस्ती काम संपताच उठून जाई आणि तिच्याबरोबर शाळेचा पटही.

दिल्लीतल्या या कामाला शास्त्रीय बैठक मिळाली ती मीना स्वामीनाथन यांच्यामुळे. शालापूर्व शिक्षण हा त्यांचा अभ्यासाचा विषय. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या शालापूर्व बालकांविषयीच्या अभ्यासगटाच्या त्या प्रमुख होत्या आणि त्या गटाचा अहवाल १९७२ मध्ये आला. बांधकामावर काम करायला पदवीधर शिक्षिका मिळत नसत, आणि मिळाल्या तरी धुळीत, पत्र्याखाली, दिवसभर टिकत नसत. म्हणून शाळा शिकलेल्या सामान्य घरांतल्या मुली निवडून त्यांना कामावरच शिकवून तयार करण्याची पद्धत पडली. सकाळी प्रत्यक्ष मुलांबरोबर काम आणि ठरावीक दिवशी एकत्र बसून त्याची चर्चा. बाळाला अंघोळ कशी घालायची, जुलाब लागले तर काय द्यायचे, वजन कसे घ्यायचे आणि कागदावर कसे मांडायचे, तीन वर्षांच्या मुलाशी काय बोलायचे, हे सगळे एकाच अभ्यासक्रमात होते. पाळणाघरातली ताई अशी अर्धी परिचारिका, अर्धी शिक्षिका असे.

केंद्राची जागा म्हणजे बांधकामावर जी मिळेल ती. कधी पत्र्याची शेड, कधी सिमेंटच्या गोदामाचा रिकामा कोपरा, कधी अर्धवट बांधलेल्या इमारतीचे तळघर किंवा तळमजला. भिंतींना गिलावा नसे, खिडक्यांना चौकटी नसत. काम वर चढत जाई तशी खालची जागा फरशी-रंगासाठी रिकामी करून मागितली जाई आणि केंद्राला दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागे. म्हणून सामानही हलवता येईल असेच असे. सतरंज्या, चटया, कापडी झोळीचे पाळणे, वजनकाटा, औषधांची पेटी, दुधाची आणि खिचडीची पातेली, रंगखडू. खेळणी आवारातल्याच टाकाऊ वस्तूंची: रिकामे डबे, लाकडाचे तुकडे, चिंध्यांच्या बाहुल्या, बाटल्यांची बुचे.

दिवसाची सुरुवात कामाच्या भोंग्याबरोबर होई. मुले येत ती धुळीने माखलेली, काही उपाशी. आधी हातपाय धुणे, डोळे पुसणे, केस विंचरणे. मग दूध किंवा नाश्ता. तान्ह्यांची झोप, रांगत्यांचा खेळ. बालवाडीत गाणी, गोष्टी, मणी ओवणे, माती. मोठ्यांच्या वर्गात अक्षरे आणि हिशेब. दुपारी जेवण आणि झोप. सुटीच्या वेळी आया पदराला हात पुसत येत, अंगावर पाजत आणि परत घमेले उचलत. बाळाला पाजण्यासाठी कामावरून सुटता येणे, ही आईच्या दृष्टीने पाळणाघराची सर्वांत मोठी देणगी होती आणि मुकादमाच्या दृष्टीने सर्वांत मोठी कटकट. त्याची समजूत घालावी लागे. बाळ सुरक्षित असेल तर बाईचे लक्ष कामात राहते, खाडे कमी होतात, हा युक्तिवाद त्याला पटे. मुलाच्या हक्काची भाषा तिथे चालत नसे आणि महादेवन यांच्या सहकाऱ्यांनी ती चालवण्याचा फार हट्टही धरला नाही. संध्याकाळी काम सुटेपर्यंत केंद्र उघडे राही. हा तपशील लहान वाटतो, पण चार तासांची बालवाडी नऊ तास राबणाऱ्या बाईच्या कामाची नसते.

मोठ्या मुलांचा वर्ग हे या कामातले सर्वांत अवघड अंग. मूल किती दिवस राहील, याचा नेम नसे. कोणी महिनाभर, कोणी वर्षभर. दर सोमवारी चार नवे चेहरे आणि चार गायब. कोणी गावी दोन इयत्ता केलेले, कोणी कधीच पाटी न धरलेले. वर्षाचा अभ्यासक्रम आखून तो क्रमाने शिकवणे इथे शक्यच नव्हते. शिकवण्याचे लहान लहान तुकडे करावे लागत, म्हणजे आठवडाभर आलेल्या मुलाच्याही पदरात काही पडावे. उद्देश त्याला जवळच्या महापालिकेच्या शाळेत बसवणे हाच असे. पण शाळा दाखला मागे, जन्मतारीख मागे, राहण्याचा पत्ता मागे. इमारतीचे बांधकाम हा पत्ता होऊ शकत नव्हता. ताई स्वतः मुलाला घेऊन शाळेत जात, मुख्याध्यापकांना भेटत, आणि पुढच्या महिन्यात ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असे.

१९७२ मध्ये काम मुंबईत आले तेव्हा मुंबईचा दक्षिण किनारा बदलत होता. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे मनोरे चढत होते. राज्यात त्याच सुमारास मोठा दुष्काळ होता. मराठवाड्यातून आणि कर्नाटक-आंध्रच्या सीमाभागातून आलेली वडार, लमाण आणि इतर कुटुंबे मुंबईच्या बांधकामांवर होती. एका खोलीत मराठी, हिंदी, कानडी, तेलुगू, लमाणी अशा भाषा एकाच वेळी ऐकू येत. बाळांना त्याचे काही नसते. पण वर्ग कोणत्या भाषेत चालवायचा हा प्रश्न मुंबईत दिल्लीपेक्षा कठीण होता. महापालिकेच्या शाळा अनेक माध्यमांच्या असल्या तरी हव्या त्या माध्यमाची शाळा हव्या त्या बांधकामाजवळ असणे हा नशिबाचा भाग. मुले हिंदी-मराठीचा एक व्यवहारी मेळ घालून घेत आणि गावी गेल्यावर तो विसरत.

खर्चाची व्यवस्था मिश्र होती. बांधकाम करणाऱ्याने जागा, पाणी, वीज आणि शक्य तर काही रोख रक्कम द्यावी. बाकी देणग्या आणि सरकारी अनुदान. त्यामुळे केंद्र सुरू होणे न होणे बऱ्याच अंशी बांधकाम मालकाच्या मर्जीवर राही. हे या कामाचे दुखणे होते आणि ते पुरते बरे झाले असे म्हणता येत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांत वीस स्त्री-कामगार असतील तिथे मुलांसाठी खोल्यांची तरतूद आली, पण हजेरीपटावर नावच नसलेल्या बाईची मोजणी कशी व्हावी?

मीरा महादेवन १९७७ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारल्या. त्यांच्या हाती जेमतेम आठ वर्षे लागली. संस्था त्यांच्यामागे टिकली, हे भारतातल्या स्वयंसेवी कामाचा अनुभव पाहता विशेषच. घडवलेल्या कार्यकर्त्या आणि लिहून ठेवलेली कार्यपद्धती हे त्याचे श्रेय मानले पाहिजे.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाईंची अंगणवाडी सरकारी योजनेचे नाव बनली. आहार, लसीकरण आणि शालापूर्व शिक्षण एकत्र देण्याची ही मोठी झेप होती. पण अंगणवाडी ठरते ती वस्तीच्या लोकसंख्येवर, आणि चालते दिवसाचे काही तास. सर्वेक्षणाच्या दिवशी मजुरांचे कुटुंब एका जागी, पुरवठा सुरू होईपर्यंत दुसऱ्या. स्थिर वस्तीसाठी आखलेल्या योजनेत हलती वस्ती बसत नव्हती आणि आजही ती ओढूनताणूनच बसवली जाते.

बांधकाम मजुरांकडे देशाचे लक्ष गेले ते १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी. दिल्लीतल्या क्रीडासंकुलांवरच्या मजुरांची परिस्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. त्या निकालात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे वेठबिगार, असे न्यायालयाने म्हटले आणि बांधकाम हे धोक्याचे काम असल्याने चौदा वर्षांखालील मुलांना त्यावर लावता येणार नाही, असेही स्पष्ट केले. मूल कामावर नसावे हे ठरले. मग ते कुठे असावे, याबद्दल निकालाने फारसे सांगितले नाही. त्यासाठी १९९६ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या बांधकाम कामगार कायद्याच्या ३५ व्या कलमाने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली, प्रकाश, हवा, स्वच्छता आणि प्रशिक्षित बाई, हे सगळे बंधनकारक केले. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसला. महाराष्ट्राने या कायद्याखालचे नियम केले ते २००७ मध्ये. कंत्राटी नियमांतल्या वीस बायकांवरून आकडा पन्नासच्या पुढे गेला, ही गोष्ट नजरेतून सुटू नये. पोटठेकेदारीच्या पद्धतीत एकेका ठेकेदाराकडे पन्नास बायका दाखवणे हे अवघड असते आणि न दाखवणे फार सोपे. बायका मोजण्याऐवजी मुले मोजावीत, ही साधी कल्पना ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने स्वीकारली: कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. बांधकामाला ती लागू झालेली नाही.

पुण्यात १९८१ नंतर ‘मोबाइल क्रेशेस’चे काम वाढले, कारण शहरच वाढत होते. पुढे दिल्ली, मुंबई आणि पुणे येथील कामे स्वतंत्र संस्थांकडे गेली. पुण्याची संस्था ‘तारा मोबाइल क्रेशेस’ या नावाने ओळखली जाते. १९८८ मध्ये रजनी परांजपे आणि बीना शेठ-लष्करी यांनी मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केले. पुण्यात त्या संस्थेने बांधकामांवरच्या मुलांना हाती घेतले आणि वर्गासाठी बसही वापरली. या संस्थेचा भर वाचन-लेखन आणि शाळाप्रवेशावर राहिला.

याच प्रश्नाची आणखी दोन रूपे महाराष्ट्रात होती. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कच्च्यापक्क्या विटा रचून केलेल्या त्यांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात भट्ट्यांवर चालवलेल्या शाळांना त्यावरूनच ‘भोंगाशाळा’ हे नाव पडले.

दुसरे रूप ऊसतोडीचे, आणि ते सर्वांत मोठे. सहकारी साखर कारखानदारी १९५० नंतर वाढली तशी बीड, अहमदनगरचा पूर्व भाग आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून तोडणीला जाणाऱ्या टोळ्याही वाढल्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन मध्येच तुटते. फडात पोरगी कोपी, म्हणजे राहण्याची झोपडी, राखते, पाणी आणते, बाळ सांभाळते. पोरगा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो, बैलांमागे असतो. कारखान्याच्या तळावर, या कोप्यांच्या शेजारी, ‘साखरशाळा’ सुरू झाल्या. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ या संस्थेने त्या मोठ्या प्रमाणावर चालवल्या. गावात जी इयत्ता सुटली तीच इथे पुढे चालवायची आणि हंगाम संपताच मुलाला त्याच्या शाळेत परत सोपवायचे, अशी रीत होती. कल्पना चांगली, पण बहुतेक साखरशाळांत पाळणा नव्हता. नऊ-दहा वर्षांच्या मुलींचे खाडे त्यामुळे चुकत नसत.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या ९ व्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरली. ५ व्या कलमाने दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असे ठरले. वयानुरूप वर्गात बसवण्याची सोय झाली. चाळीस वर्षे मुख्याध्यापकांच्या दारात उभ्या राहिलेल्या तायांच्या तक्रारी एका फटक्यात कायद्याने मान्य केल्या. पण त्याच कायद्याने अनौपचारिक वर्गांचा आधार काढून घेतला. मूल नियमित शाळेतच हवे, असा अर्थ लावला गेला आणि साखरशाळा बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली, गावाहून जाताना सोबत द्यायचे शिक्षण हमी पत्रक आले. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली. गावात थांबलेल्या मुलाला याचा उपयोग होतो, यात शंका नाही. मात्र घरात तान्हे मूल असेल तर थोरल्या मुलीला वसतिगृहात ठेवणे आईबापांना परवडत नाही; ती फडावर जाते.

शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो आणि बांधकामावरच्या पाळणाघराची तरतूद सहा वर्षांना संपते. पहिला विषय शिक्षण विभागाकडे आहे, दुसरा कामगार विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि ऊसतोड कामगारांचे महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे. कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या मुलीला यांतल्या चौघांशीही एकाच वेळी काम पडते, आणि १९६९ नंतर इतकी वर्षे उलटूनही त्या चौघांचा मेळ बसलेला नाही.